पाटी नसलेलं तळं

"मेला," मुक्ता म्हणाली. तिच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसरा हात अजून कंट्रोलरपर्यंत पोचलाही नव्हता.

मी हसू दाबलं. तीस वर्षांपूर्वी माझंही अगदी हेच झालं होतं. फक्त चहा नव्हता, कारण आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बुटांनासुद्धा प्रवेश नसायचा, तिथे चहा कुठला.

मुक्ता माझी भाची. पुण्यातल्या एका स्टुडिओत गेम टेस्टर आहे. म्हणजे दिवसभर गेम खेळायचे आणि त्यातल्या चुका नोंदवायच्या, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. मी एका रासायनिक कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता मुक्तानं विचारलं, "मामा, तू आयुष्यात कधी गेम खेळलायस का रे?" मी म्हटलं, एकच. 'अनदर वर्ल्ड'. तिनं दहा मिनिटांत तो विकत घेऊन, उतरवून, टीव्हीवर लावलासुद्धा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाल केसांचा एक तरुण शास्त्रज्ञ, नाव लेस्टर, रात्री वादळात गाडीनं आपल्या प्रयोगशाळेत येतो. लिफ्टनं जमिनीखाली जातो, कॉम्प्युटरसमोर बसून कणांच्या टकरीचा प्रयोग सुरू करतो. वर वीज पडते. स्फोट होतो आणि हा माणूस बसल्या टेबलासकट नाहीसा होऊन कुठल्याशा परक्या ग्रहावरच्या तळ्यात, खोल पाण्यात उमटतो. इथवर सगळा सिनेमा आहे. आपण मागे टेकून बघत असतो. आणि सिनेमा संपून खेळ सुरू झाल्याचं कुणी सांगत नाही. अक्षरं येत नाहीत, बाण येत नाही, घंटा वाजत नाही. आपण बघत राहतो, आणि खालून वळवळते हात येऊन लेस्टरला तळाशी ओढून नेतात.

"हा सरळसरळ बग आहे," मुक्ता म्हणाली. "खेळाडूच्या हातात ताबा दिलाय हे त्याला कळवलंच नाही. मी असते तर 'गंभीर' म्हणून नोंद केली असती."

"आणि मग त्यांनी काय केलं असतं?"

"पडद्यावर एक वरचा बाण दाखवला असता. दोन सेकंद. संपलं."

"आणि खेळही तिथेच संपला असता."

"झालं तुझं सुरू! तुमच्या पिढीला त्रास झाला की ती गोष्ट आपोआप थोर होते. मामा, तुझ्या कारखान्यात असं उघडं तळं असतं तर तू काय केलं असतंस? चार बाजूंना कठडा, लाल रंग, 'सावधान, खोल पाणी', मराठी-हिंदी-इंग्रजी. बरोबर?"

बरोबर होतं. माझा जन्म पाट्या लावण्यात गेला. वेल्डिंगची ठिणगी पाडायची तर आधी हॉट वर्क परमिट, पंप उघडायचा तर त्याच्या स्विचला कुलूप आणि कुलपाला टॅग. नवीन पोरगं कामावर आलं की पहिले काही दिवस त्याला नुसत्या पाट्या वाचायला लावतो. मी म्हटलं, "म्हणूनच तर. जिथे खरा माणूस मरू शकतो तिथे मी पाटी लावणार. जिथे कुणीच मरणार नाही अशी जगात एक जागा असेल, तर तिथे तरी मला पाटी नको."

मुक्तानं कप खाली ठेवला. या खेपेला लेस्टर वेळेवर वर आला, तळ्याच्या काठावर चढला. मागे दूर कड्यावर एक काळं जनावर उभं होतं. त्यानं बघितलं आणि ते निघून गेलं.

"हे बघ," ती लगेच म्हणाली, "ही झाली पाटी. जनावर आहे, आणि त्यानं तुला पाहिलंय. शब्द नाही, बाण नाही, पण सांगितलं. हे मला मान्य आहे. तळ्यात मारलं ते नाही."

मी खरं तर चाट पडलो होतो. कारण ते जनावर मला आठवत होतं, पण लेस्टरचे केस लाल आहेत हे मला तिच्या टीव्हीवर कळलं! आमच्या होस्टेलच्या काळात, म्हणजे ९४ साली सांगलीला, लॅबमधले मॉनिटर रंगीत नव्हते. करड्या छटांमध्ये सगळं दिसायचं. तळं करडं, आकाश करडं, लेस्टरचं डोकं जरा गडद करडं. आवाजाचं तर विचारूच नका. मशिनच्या पोटातून एक चिर्र यायची, आणि तीही लॅब असिस्टंटला ऐकू जाऊ नये म्हणून एकानं आतली वायर काढून ठेवलेली. गेम कुणाच्या तरी भावानं मुंबईहून एका फ्लॉपीवर आणलेला. चोरीचाच, दुसरा कुठला असणार. आम्ही सात जण एका मशिनभोवती. एकानं खेळायचं आणि सहा जणांनी सांगायचं. मेलं की उठायचं.

"थांब," मुक्ता म्हणाली. "रंग नाही. आवाज नाही. सात जण. मामा, मग तू हा गेम खेळलासच नाहीस. तू भलताच काहीतरी खेळलास."

हे मला लागलं. कारण त्या बाबतीत मी तिला एक गोष्ट सांगायच्या बेतात होतो आणि ती आता माझ्याच अंगावर येणार होती. हा गेम एरिक शाई नावाच्या फ्रेंच तरुणानं जवळजवळ एकट्यानं केला. १९८९ मध्ये सुरू केला तेव्हा तो विशी-बाविशीतला होता, आणि गेम आला १९९१ मध्ये. चित्रं त्याची, गोष्ट त्याची, प्रोग्रामिंग त्याचं, खोक्यावरचं रंगवलेलं चित्रसुद्धा त्याचंच. धावणं-पडणं खरं दिसावं म्हणून त्यानं व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर स्वतः हालचाली केल्या आणि त्या एकेक चौकटीवरून गिरवल्या. पुढचं सगळं आधी ठरवून नव्हे, तर पहिला प्रसंग झाला की दुसरा, असा वाट काढत तो गेला. संगीत तेवढं दुसऱ्याचं, जाँ-फ्रान्स्वा फ्रेतासचं. अमेरिकेतल्या प्रकाशकानं सुरुवातीचं संगीत बदलायचं म्हटलं तेव्हा शाईनं एक फॅक्स पाठवला: मूळ संगीत ठेवा. त्या कागदाची दोन टोकं जोडून त्याचं कडं केलेलं, म्हणजे पलीकडच्या मशिनमधून तोच मजकूर निघतच राहील, निघतच राहील. शेवटी संगीत राहिलं. आणि ज्या संगीतासाठी माणूस इतका इरेला पेटला, ते मी त्या रविवारपर्यंत ऐकलेलंच नव्हतं.

"ऐक आता," म्हणून मुक्तानं आवाज वाढवला. जनावर गुरगुरलं. मी ऐकलं.

"कसं वाटलं?"

"माझं याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचं."

ती हसली, आणि त्या हसण्यात तिचा लेस्टर पुन्हा मेला. या वेळी अळ्यांनी. जळवांसारख्या काळ्या अळ्या जमिनीवरून सरपटत येतात. पायाजवळ आली की अळीतून एक नखी बाहेर पडते, पडदाभर लेस्टरची पँट दिसते, तिच्यावर एक बारीक ओरखडा उठतो आणि माणूस खाली कोसळतो. इतकंच. रक्ताचे पाट नाहीत. तो ओरखडा मला तीस वर्षं जसाच्या तसा आठवतो.

स्वयंपाकघरातून ताईनं विचारलं, "मेला का?"

"दोनदा," मुक्ता ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, आपण शब्द नीट वापरू. दचकणं वेगळं, भिणं वेगळं. तळ्यात जे झालं ते दचकणं. कुणीही मागून येऊन 'भॉ' करू शकतं, त्याला अक्कल लागत नाही. भीती वाटायला आधी माहिती लागते. मला 'मेट्रॉइड ड्रेड' का आवडतो माहितीये? त्यात एमी नावाचे यंत्रमानव आहेत. एकदा पकडलं की जवळजवळ मेलोच, सुटायला डोळ्याचं पातं लवेल एवढीच फट. पण त्यांचा इलाका वेगळा दाखवलाय. दारातून आत जाताना तुला माहीत असतं की आता तो आहे. त्याची टकटक ऐकू येते. मी कोपऱ्यात श्वास धरून उभी असते. ती भीती. सांगून-सवरून दिलेली."

"तिला धास्ती म्हणतात," मी म्हटलं. मराठीनं आपल्याला एवढे शब्द दिलेत तर ते वापरावेत. "दचकणं क्षणभराचं. भीती समोरच्या गोष्टीची. आणि धास्ती समोर नसलेल्या गोष्टीची. मग मला सांग, तळ्यातून वर आल्यावर तुझा हात कुठे होता?"

तिनं खाली बघितलं. दोन्ही हात कंट्रोलरवर होते. चहा गार झाला होता.

"त्या एका तळ्यानं तुला शिकवलं की इथे सिनेमा कधी संपेल याचा नेम नाही. आता लेस्टर नुसता चालत असला तरी तू टेकून बसणार नाहीस. तो बाण दाखवला असता तर तू तळ्यातून सुखरूप बाहेर आली असतीस आणि पुढचा सगळा गेम आरामात चहा पीत बसली असतीस. एकदा अन्यायानं मारलं, पण त्या एका मरणात पुढची सगळी धास्ती विकत घेतली. आतबट्ट्याचा व्यवहार नाही हा."

मुक्ता गप्प झाली. वाटलं, जिंकलो. पण ती टेस्टर आहे. ती गप्प झाली म्हणजे मोजत असते.

जनावर आता तिच्या मागे लागलं होतं. इथे उजवीकडे जाता जाता ते अंगावर येतं आणि आल्या वाटेनं डावीकडे पळत सुटायचं असतं. सगळे पडदे उलटे पार करत, थेट कड्याच्या टोकापर्यंत. टोकावर एक वेल आहे. तिला धरून झोका घेतला तर जनावराच्या पाठीमागे पडतो, नाहीतर त्याच्या तोंडात. पहिल्यांदा मुक्ता मागे वळलीच नाही, उभी राहिली. मेली. दुसऱ्यांदा पळाली, पण मध्येच एक अळी आडवी आली. मेली. तिसऱ्यांदा जनावरानं गाठलं. चौथ्यांदाही. पाचव्या वेळी ते समोर आलं तेव्हा मुक्ता जांभई देत होती.

"बघितलंस?" ती म्हणाली. "ही जांभई मी मुद्दाम दिलेली नाही. पहिल्यांदा ते जनावर होतं. आता ती बस आहे. अमुक वाजता येते, अमुक ठिकाणी थांबते, आपण पळत जाऊन धरायची. तुझी धास्ती दुसऱ्या मरणापर्यंत वाढते, तिसऱ्याला तेवढीच राहते आणि चौथ्यापासून तिचा पाढा होतो. पाढ्याची भीती वाटत नाही, कंटाळा येतो. आणि तुझ्या काळी तर मेल्यावर बरंच मागून परत सुरू करावं लागत असणार."

"कोड असायचे. चार अक्षरी. तिथवर पोचलं की कोड मिळायचा, तो टाकला की तिथून सुरू. माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर होते सगळे. सुरुवातीचा एल डी के डी. पिंजऱ्याचा एच टी डी सी."

"आणि अजून पाठ आहेत! आईचा मोबाइल नंबर आहे का पाठ?"

नव्हता. मी विषय बदलला.

"तुला याहून बरा माहीत असेल तर सांग."

"'इनसाइड'," ती क्षणात म्हणाली. डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीचा, २०१६ चा. तिनं लॅपटॉपवर मला त्याचा थोडा भाग दाखवला. लाल शर्टातला एक लहान मुलगा, अंधारं जंगल, मागे कुत्री. यातही एक शब्द नाही. कुत्री अशा बेतानं सोडलेली की मुलगा त्यांच्या दातांपासून वीतभर अंतरानं सुटतो. चुकलात तर मुलाचं जे होतं ते बघवत नाही, पण पुढच्या श्वासाला तो पुन्हा उभा असतो, अगदी तिथल्या तिथे, दहा पावलं मागे. आवाजासाठी मार्टिन स्टिग अँडरसन या माणसानं खरी मानवी कवटी आणून तिच्यातून आवाज वाजवले आणि हाडातून येणारा तो थरथराट टिपला. हे ऐकून ताई भजी तळायची सोडून बाहेर आली आणि 'काहीतरीच तुमचं' म्हणून परत आत गेली.

"आणि यातही पाण्यात ओढून नेणारी आहे," मुक्ता म्हणाली. "लांब केसांची मुलगी. तिनं धरलं की बुडालास. निम्मा गेम तू तिला घाबरून पोहतोस. मग एकदा ती धरतेच, तळाशी नेते, आणि मुलाच्या अंगाला कसलीशी तार जोडते. त्यानंतर त्याला पाण्यात श्वास घेता येतो. मामा, मारणाऱ्या हातानंच श्वास दिला. तुझ्या तळ्यातले हात फक्त मारतात."

मला हे आवडलं. इतकं आवडलं की दोन मिनिटं मी काही बोललोच नाही. पण कुरकूर करायची ती केलीच: "दहा पावलं मागे ठेवलं तर मरणाची किंमत काय राहिली?"

"किंमत वेळानं का मोजायची? अर्धा तास वाया गेला म्हणून मेल्याचं वाईट वाटणं, ही भीती नव्हे. तो विजेच्या बिलाचा राग आहे."

आता माझ्याकडे हुकमाचा एकच पत्ता होता. जनावराच्या तावडीतून सुटलेल्या लेस्टरला त्या ग्रहावरचे लोक गोळी घालून बेशुद्ध करतात, आणि तो जागा होतो तो पिंजऱ्यात, हवेत लटकलेला. शेजारी एक धिप्पाड परग्रही कैदी. खाली पहारेकरी. मी मुक्ताला म्हटलं, हा प्रसंग तू कर, मी एक अक्षर सांगणार नाही.

ती बसली. बटणं दाबून बघितली. काही होईना. उडी मारली, बसली, उभी राहिली. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले होते. होस्टेलला इथे आम्ही दोन दिवस अडकलो होतो. एकाचं ठाम मत होतं की फ्लॉपीच खराब आहे. शेवटी कुणीतरी वैतागून डावी-उजवी कळ नुसती बडवली आणि पिंजरा हलला. एवढासा. पण सातही जणांना दिसलं.

मुक्तालाही दिसलं. तिची पाठ ताठ झाली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. शेजारच्या कैद्यानंही अंग झोकून द्यायला सुरुवात केली. खालच्या पहारेकऱ्यानं हवेत गोळी झाडली. ती थांबली नाही. पिंजरा तुटून थेट त्या पहारेकऱ्याच्या डोक्यावर आला, आणि मुक्ता सोफ्यावरून अर्धवट उठली. मग निसटल्यावर तो परग्रही लेस्टरच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटतो. काय म्हणतो ते शेवटपर्यंत कळत नाही. कळायची गरजही पडत नाही.

"हे कुठल्या पाटीवर लिहिलं होतं?" मी म्हटलं. जरा ताठ्यातच म्हटलं. "लहानपणी मी नारायण धारपांच्या गोष्टी वाचायचो. कितीही अभद्र काही आलं तरी मला ठाऊक असायचं की त्यांचा नायक समर्थ येणार आणि निस्तरणार. इथे कुणी येत नाही. आणि मग अचानक एकजण येतो, तोही भाषा न कळणारा. म्हणून तो हात एवढा लागतो. आधीच्या मरणांशिवाय नसता लागला."

"लागला," ती म्हणाली. खेळ थांबवून तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "पण मामा, पिंजऱ्यात तू काय पाहिलंस सांगू? पिंजऱ्यात तुला कुणी मारत नाही. तिथे कितीही चुकलं तरी चालतं. पहारेकरी नुसता धमकावतो. म्हणून मी विचार करू शकले. तुझ्या सगळ्या गेममध्ये तुला जो प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो, तो माझ्या बाजूचा आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हटलं की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात हा आहे. वाद हरत आला की माणूस म्युझियमच्या आड लपतो.

"असेल ना. मी कुठे वाईट म्हणतेय? पण तुझा गेम त्या म्युझियममध्ये नाही. तो सांगलीच्या लॅबमध्ये आहे. सात जण भोवती असल्यावर मरण म्हणजे पाळी बदलणं. मी आज एकटी मेले, तर मला कंटाळा आला. तू मेलास की सहा जण हसायचे आणि पुढचा बसायचा. तुम्ही गेम नाही, तुम्ही खुर्ची खेळत होतात."

"आणि भीती?"

"ती होती ना. तू म्हणालास की तुझं जनावर जास्त मोठ्यानं ओरडायचं. आवाजच नव्हता म्हणून."

भजी आली. मुक्तानं एक उचललं, पोळलं म्हणून परत ठेवलं, आणि रिमोट घेतला. मला वाटलं, गेम बंद करून बातम्या लावतेय. तिनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन कसलीशी पट्टी ओढली. तळ्याचा निळा रंग फिका होत होत गेला. लेस्टरचे केस करडे झाले. मग तिनं आवाज बंद केला, आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला.

"घे. अगदी पहिल्यापासून. मी काही सांगणार नाही."

विजेचा लोळ पडला, चिर्रसुद्धा न करता. पाणी. मी वेळेवर वर आलो, काठावर चढलो, कड्यावर ते उभं होतं, आणि मला, शपथेवर सांगतो, ते ऐकू आलं. मी उजवीकडे निघालो. अळी दिसली. लाथ मारायची कळ कोणती हे आठवेपर्यंत पँटवर तो ओरखडा उठला.

ताई पदराला हात पुसत दारात आली होती. पडद्याकडे बघून म्हणाली, "अगं मुक्ता, टीव्हीचे रंग कुठे गेले? आत्ता तर घेतला होता."

"सरक," मुक्ता मला म्हणाली, "माझी पाळी."